बंदुकीला कुलूप, दारूला लाकूड

रोह्याच्या डोंगरपट्ट्यात भात तयार झालं की रानडुकरं उतरतात. पेणकडे वालाच्या शेतांनाही त्यांचा उपद्रव आहेच. म्हणून शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक काही घरांत अजून टिकून आहे. (बंदूक आहे म्हणून डुक्कर मारता येतं असं नव्हे, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.) बंदुकीची नोंद सरकारदरबारी असते. तिची काळी दारू घरात कुठे ठेवलीय, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

मौल्यवान आणि धोक्याची वस्तू लोखंडी ट्रंकेत टाकायची, ही आपली सवय. दारूच्या बाबतीत नेमकी तीच घातक. थोडी दारू उघड्यावर पेटली तर भसकन जळून जाते; घट्ट बंद लोखंडात पेटली तर वायूला वाट मिळत नाही आणि ट्रंकेचाच बॉम्ब होतो. त्यापेक्षा जाड फळ्यांची, कुलूप लागणारी लाकडी पेटी बरी. आत दारू मूळ डब्यातच आणि परवान्यात बसेल तेवढीच. केपा वेगळ्या ठेवायच्या, कारण त्या नुसत्या ठोक्यानेही पेटतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात. दारू सर्दावते आणि डबा चुलीवरच्या माळ्यावर जातो, सुक्या मासळीशेजारी! याला काटकसर म्हणायचं की वेडेपणा?

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १८व्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात हे सगळं आहे. दारूखाना सदरेजवळ नको, घराजवळ नको; तळघर करून दारू माचावर ठेवावी; सर्द होऊ देऊ नये, ठरावीक दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोरबंद करावी. आपल्याच जिल्ह्यातल्या रायगडावरची दारूकोठारंही राजवाड्यापासून लांब आहेत. अर्थात ऊन देण्याचं काम पहारा असलेल्या गडाचं. पोरं खेळतात त्या अंगणात ते करू नये.

सर्वांत जास्त धास्ती वाटते ती बेवारस डब्याची. आजोबा जातात, बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, डबा माळ्यावर राहतो. नातवाला तो रंगाचा वाटतो. परवान्याचं नूतनीकरण किंवा बंदूक जमा करून घेताना पोलिसांनी दारूचीही चौकशी करावी. आणि असा डबा तुमच्या माळ्यावर सापडला, तर उघडू नका, हलवू नका, पेटवून तर मुळीच पाहू नका, ठाण्यात कळवा.