माइल्ड म्हणजे पाणी नव्हे!

गेल्या वीकांताला लासलगावला घरी गेलो, येताना पुण्याहून अंबर क्राफ्ट बिअरच्या चार बाटल्या आणल्या होत्या. रात्री गच्चीवर मित्राला ग्लास दिला. पठ्ठ्याचा पहिला प्रश्न, "किती टक्के रे?" म्हटलं, पाच. "म्हणजे माइल्ड! पाणीच की." झालं!

गंमत बघा. हाच गडी बाजार समितीत कांदा हातात घेतो. रंग, आकार, पत्ती बघून भाव सांगतो. बिअरला मात्र एकच माप, किक!

आपल्याकडे उत्पादन शुल्काच्या हिशोबात ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड, पुढे स्ट्राँग. पण हा कराचा कप्पा आहे, चवीचा नव्हे. अंबरचा तांबूस रंग येतो भाजलेल्या माल्टमधून. मंद आचेवर कांदा परतताना जसा रंग आणि गोडवा उतरतो ना, साधारण तसंच.

म्हणून माझं म्हणणं, ही बिअर ग्लासात ओता, फ्रीजमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबा. फार गार असली की चव कळतच नाही. आधी वास, मग घोट. सुरुवातीला टॉफी, बिस्किट. शेवटी हॉप्सचा हलका कडूपणा. दोन्हींचा तोल जमला की बिअर घशाखाली अलगद उतरते.

आमच्या बाटलीला मी दहापैकी सात दिले. गोडवा किंचित जास्त होता.

दुसरा ग्लास मित्राने सावकाश संपवला. म्हणाला, "शेवटी जरा कडू पाहिजे होती." टक्क्यांवरून गाडी चवीवर आली. मला तेवढंच हवं होतं :)