विश्लेषण : पोलंडमधील सिलेशियन नेमके कोण? त्यांच्या भाषेला मान्यता का नाही?

सिलेशियनला प्रादेशिक भाषेचा दर्जा देणाऱ्या विधेयकावर पोलंडचे तत्कालीन अध्यक्ष आंद्रे डुडा यांनी २९ मे २०२४ रोजी नकाराधिकार वापरला. एप्रिलमध्ये ‘सेम’ या कनिष्ठ सभागृहाने ते २३६ विरुद्ध १८६ मतांनी संमत केले होते. वाद भाषेचा दिसत असला, तरी मूळ प्रश्न ओळखीचा आहे.

सिलेशियन कोण?
दक्षिण पोलंडमधील अप्पर सिलेशिया हा कोळसा खाणींचा पट्टा. कातोवित्से हे त्याचे प्रमुख शहर. मध्ययुगात हा प्रदेश पोलंडच्या पियास्ट घराण्याकडे होता. १४व्या शतकात तो बोहेमियाकडे, १५२६ मध्ये हॅब्सबर्ग घराण्याकडे, तर १७४०च्या दशकात प्रशियाकडे गेला. त्यामुळे येथील बोलण्याचा गाभा स्लाव्ह, पण त्यात जर्मन शब्दांचा मोठा भरणा आहे.

अविश्वास कशामुळे?
पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी की पोलंड, यावर मार्च १९२१ मध्ये सार्वमत झाले. सुमारे ६० टक्के मते जर्मनीला मिळाली. घरात पोलिश बोलणाऱ्या अनेकांनीही जर्मनीला पसंती दिली होती. अखेर १९२२ मध्ये प्रदेशाची फाळणी झाली. पोलंडमधील भागाला स्वायत्तता आणि स्वतःचे विधिमंडळ मिळाले. १९४५ मध्ये ही स्वायत्तता रद्द झाली. त्याच वर्षी हजारो रहिवाशांना सक्तमजुरीसाठी सोव्हिएत संघात नेण्यात आले. त्यात खाणकामगारांची संख्या मोठी होती.

जनगणना काय सांगते?
२०११ मध्ये सुमारे ८ लाख ४७ हजार लोकांनी सिलेशियन ओळख नोंदवली. २०२१ मध्ये हा आकडा सहा लाखांच्या आसपास आला. मात्र जनगणनेत दोन ओळखी नोंदवण्याची मुभा आहे आणि अनेकांनी सिलेशियनबरोबर पोलिशही लिहिले. म्हणजेच ही ओळख सर्वांसाठी पोलंडविरोधी नाही.

आक्षेप काय?
२००५च्या कायद्यानुसार प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता फक्त कशुबियनला आहे. अधिकृत भाषेच्या बोलींना या कायद्यात स्थान नाही. सिलेशियन ही पोलिशची बोलीच आहे, असे मत असलेल्या भाषातज्ज्ञांचा आधार डुडा यांनी घेतला. युक्रेन युद्धाच्या काळात राष्ट्रीय ओळख जपण्याची गरजही त्यांनी मांडली. दुसरीकडे, भाषांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत सिलेशियनला २००७ पासून स्वतंत्र संकेत आहे.

मान्यतेने काय बदलले असते?
शाळांत ऐच्छिक शिक्षण, सरकारी निधी आणि काही गावांत द्विभाषिक फलक शक्य झाले असते. वांशिक अल्पसंख्याक दर्जा ही वेगळी मागणी असून या विधेयकात ती नव्हती.

पुढे काय?
नकाराधिकार उलथवण्यासाठी सेममध्ये तीन पंचमांश मते लागतात. सत्ताधारी आघाडीकडे तेवढे बळ नाही. डुडा यांचा कार्यकाळ ऑगस्ट २०२५ मध्ये संपला. तोवर दर्जा मिळण्याची शक्यता कमीच होती. पण वाट पाहण्याची किंमत आहे. घरात बोलली जाणारी भाषा शाळेत पोहोचली नाही, तर पुढच्या पिढीत तिचे भाषक घटतात. मग मान्यता मिळाली तरी तिचा उपयोग करणारे किती उरतील, हा खरा प्रश्न आहे.