आजारपणाचे पॉइंट
राजारामपुरीतल्या एका क्लिनिकात परवा कार्ड हातात पडलं. प्रत्येक तपासणीला पॉइंट, शेजारणीला घेऊन आलात तर जादा! साडीच्या दुकानात ठीक आहे हो, पण तापाचे कसले पॉइंट? रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनी डॉक्टरांना मना आहे. मग तेच पेशंटला दिलं की चालतं? मला नाही पटत. आपण बायका आधीच दुखणं अंगावर काढतो. सवलत द्यायचीच तर बीपी-शुगरच्या फेरतपासणीला वेळेवर येणारीची फी कमी करा. आमच्या जाऊबाईंनी मात्र कार्ड पर्समध्ये जपून ठेवलंय. चक्कर येते म्हणून महिनाभर सांगताहेत. म्हणाल्या, "पॉइंट साठू देत, मग रक्त तपासून घेतो की!"