रुपयाची जोखीम कोणाच्या डोक्यावर?

२६ एप्रिल २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने १९ बँकांना दंड केला. गुन्हा काय? कंपन्यांना परकीय चलनाचे डेरिव्हेटिव्ह करार विकताना ते त्यांना झेपतील की नाही हे पाहिले नाही. जोखीम सांभाळण्याचे धोरण त्यांच्यापाशी आहे का, हे विचारले नाही. कराराच्या पाठीमागे खरा व्यवहार किती, हे नीट तपासले नाही. आणि दंड किती? एकेका बँकेला पाच ते पंधरा लाख रुपये! फूटपाथवर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचा माल महापालिकेची गाडी उचलून नेते, तेव्हा तिच्या भांडवलाच्या मानाने तिला बसणारा फटका याहून कितीतरी मोठा असतो.

डेरिव्हेटिव्ह हा शब्द दिसला की आपले कार्यकर्ते पान उलटतात. हा शेटजींचा विषय, आपल्याला काय त्याचे, असे म्हणतात. परंतु बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, ती काही हौस म्हणून नव्हे. रुपया घसरला की निर्यातदाराला जो लाभ होतो तो आकाशातून पडत नाही. भाव वाढतात, मजुरी मागे राहते आणि मजुराच्या पानातले काढून तो लाभ दिला जातो, हे त्यांनी त्या काळी मांडले. हाच प्रश्न घेऊन आजच्या कंपनीच्या हिशेबाकडे पाहिले पाहिजे.

मूळ व्यवहार सोपा आहे. धारावीतल्या एका चामडी बॅगा बनविणाऱ्याला परदेशातून एक लाख डॉलरची ऑर्डर मिळाली, असे समजा. पैसे तीन महिन्यांनी येणार. आज डॉलर ८५ रुपये आहे असे धरू, म्हणजे ८५ लाख. त्याचा खर्च ८१ लाख. तीन महिन्यांत डॉलर ८० वर आला तर माल चोख देऊनही त्याला एक लाखाचा खड्डा पडतो. म्हणून तो बँकेकडे जातो आणि फॉरवर्ड करार करतो. तीन महिन्यांनी मी एक लाख डॉलर देईन, तू मला ८५ रुपये ५० पैशांनी रुपये दे. (आपल्याकडे व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असले की पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा थोडा महाग असतो, म्हणून हे ५० पैसे.) पुढे डॉलर ९० झाला तर वरचा फायदा त्याला मिळणार नाही. मिळू नये. विमा काढला आणि घर जळाले नाही, म्हणून कोणी हप्त्यासाठी रडत बसत नाही. तेल, यंत्रे, औषधांचा कच्चा माल आणणारा आयातदार याच्या नेमके उलट करतो. तो पुढच्या तारखेचा डॉलर आजच विकत घेऊन ठेवतो.

दुसरा मार्ग ऑप्शनचा. ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क घ्यायचा, बंधन नाही. त्यासाठी बँकेला आधी प्रीमियम मोजायचा. हक्क घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरताच. हक्क देणाऱ्याच्या तोट्याला मात्र तळ नाही. सगळी मेख या एका वाक्यात आहे.

कारण एके दिवशी बँकेचा सूटबूटवाला अधिकारी येतो आणि म्हणतो, साहेब, प्रीमियम नको, फी नको, ८५.५० कशाला, ८७ चा भाव देतो. फक्त एक अट. डॉलर ९० च्या वर गेला तर एक लाखाऐवजी दोन लाख डॉलर ८७ नेच द्यायचे. आता बॅगवाल्याकडे येणार आहेत एकच लाख. डॉलर ९५ झाला, तर दुसरा लाख त्याला बाजारातून ९५ ने घेऊन ८७ ने द्यावा लागेल. आठ लाख गेले. ऑर्डरमध्ये कमावलेले सहा लाख त्यात बुडाले, वर दोन लाख खिशातून. फुकट मिळाले असे जे वाटत होते, त्याच्या बदल्यात त्याने न कळत बँकेला हक्क विकलेला होता.

असे होत नाही म्हणाल, तर झाले आहे. २००७ साली डॉलर ४४ रुपयांवरून ३९ च्या आसपास आला. तिरुपूरचे होजिअरी निर्यातदार हवालदिल झाले आणि असल्या करारांवर त्यांनी सह्या केल्या. त्यांतले अनेक करार रुपयाशी संबंधित नव्हतेच, ते डॉलर आणि स्विस फ्रँक किंवा येन यांच्या दरावर होते. मार्च २००८ मध्ये डॉलर एका फ्रँकच्याही खाली गेला. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत इकडे ३९ चा डॉलर ५० वर पोचला. दोन्हीकडून मार.

मग कोर्टकचेऱ्या. आमच्या क्षेत्रात हा वाद मोठा गाजला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक. मुंबईत १८६५ च्या कायद्याने त्याला जोडलेले करारही निरर्थक. तेव्हा हे करार म्हणजे पैजच, असे कंपन्यांचे म्हणणे. राजश्री शुगर्स विरुद्ध अॅक्सिस बँक या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००८ मध्ये ते मान्य केले नाही. शिवाय २००६ च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँक कायद्यात कलम ४५-व्ही आले असून, एका बाजूला शेड्यूल्ड बँक असेल तर असा करार वैध धरला जातो. करार वैध असेल, हे मान्य. परंतु वैध करार आणि उचित विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येणे एक लाख आणि करार दोन लाखांचा असेल, तर त्यातला दुसरा लाख संरक्षण नव्हे, जुगार आहे, मग कलम काहीही म्हणो. त्या काळी मागच्या तीन वर्षांच्या उलाढालीच्या सरासरीवर, हातात ऑर्डर नसतानाही करार करण्याची मुभा होती. जुगाराचे दार तिथे उघडे राहिले.

यात कामगार कुठे आला? मशीनवर बसलेल्या बाईने स्विस फ्रँक कधी पाहिलेला नसतो. डॉलर पडला की मालक तिचा ओव्हरटाइम कापतो, सबब तयार असते. डॉलर चढला की तिचा पगार चढत नाही. करारात तोटा झाला की नफा घटतो आणि बोनस ८.३३ टक्क्यांच्या किमान पायरीवर येऊन बसतो. हिच्या सहीशिवाय घेतलेली जोखीम हिच्याच डोक्यावर!

हेजिंग बंद करा, असे माझे म्हणणे नाही. ज्या कंपनीने डॉलरमध्ये कर्ज घेतले आणि संरक्षणच घेतले नाही, ती कंपनीही कामगाराच्या पोटाशी खेळते. २०२२ मध्ये डॉलर ८० च्या पलीकडे गेला तेव्हा अशांचे हप्ते बसल्याजागी वाढले. आपल्या लहान उद्योजकांनी तर बँकेच्या पहिल्याच भावाला मान डोलावू नये. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे एफएक्स-रिटेल २०१९ पासून सुरू आहे, तिथे बाजारातला भाव दिसतो. एक हजार डॉलरचे चलन वायदेही २००८ पासून शेअर बाजारात आहेत. आणि 'फुकट' हा शब्द ऐकला की एकच विचारावे: मी काय विकतो आहे?

युनियनच्या पुढाऱ्यांना मात्र वेगळे सांगायचे आहे. मागणीपत्र देण्याआधी कंपनीचा ताळेबंद काढा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३९९ प्रमाणे निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रे फी भरून कोणालाही पाहता येतात. त्यात परकीय चलनाच्या जोखमीची टीप शोधा. येणे किती, देणे किती, त्यापैकी करारांनी झाकलेले किती, उघडे किती, हे आकडे शेजारी शेजारी मांडा. झाकलेला आकडा मूळ आकड्यापेक्षा मोठा दिसला तर तिथेच बोट ठेवा. लेखापरीक्षकाच्या अहवालात डेरिव्हेटिव्हसह दीर्घ मुदतीच्या करारांवरील संभाव्य तोट्याची तरतूद केली की नाही, हे लिहिणे २०१४ च्या नियमांनी बंधनकारक आहे. तो परिच्छेद झेरॉक्स करून घ्या आणि वाटाघाटीच्या टेबलावर ठेवा.