खडा काढला, पण नलिका?

पित्ताचा खडा म्हटले की आपल्याला पित्ताशय आठवते. दुर्बिणीतून ते काढले की विषय संपला, असा समज असतो. काही खडे मात्र पित्ताशयात नव्हे, तर यकृताच्या आतल्या पित्तनलिकांत तयार होतात. तिथे पित्ताशय काढून आजार जात नाही आणि नुसते खडे काढूनही पुष्कळदा भागत नाही.

हा आजार मुख्यतः पूर्व आशियातला. हाँगकाँगमध्ये डिग्बी या शल्यचिकित्सकांनी १९३० साली त्याचे वर्णन केले. भारतात काश्मीरमध्ये पोटातले जंत पित्तनलिकेत शिरल्याने असे रुग्ण आढळले आहेत. महाराष्ट्रात तो क्वचित दिसतो, त्यामुळे त्याची शंकाही उशिरा येते.

नलिका अरुंद झाली की पित्त साचते, त्यात जंतू वाढतात आणि तपकिरी, ठिसूळ खडे बनतात. खड्यांमुळे नलिकेला सूज येते आणि ती आणखी आवळते. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि कावीळ ही त्याची लक्षणे. प्रतिजैविकांनी ताप उतरतो, काही महिन्यांनी पुन्हा येतो. वर्षानुवर्षे असे चालले तर यकृताचा तो भाग आक्रसतो आणि काही रुग्णांत तिथेच कर्करोग होतो.

तोंडावाटे दुर्बीण घालून मुख्य नलिकेतले खडे काढता येतात. अरुंद जागेपलीकडे ती सहसा पोहोचत नाही. त्वचेतून यकृतात वाट करूनही खडे फोडता येतात, पण आवळलेली नलिका तशीच राहिली तर खडे पुन्हा होतात. म्हणूनच आजार यकृताच्या एकाच भागात असेल, आणि तो बऱ्याचदा डाव्या बाजूला असतो, तर तो भागच काढणे हा सर्वांत टिकाऊ उपाय ठरतो. खडे, अरुंद नलिका आणि कर्करोगाची शक्यता असलेली जागा एकदमच निघते. उरलेले यकृत निरोगी असेल तर ते वाढून उणीव भरून काढते.

ही शस्त्रक्रिया लहान नाही. रक्तस्राव, पित्तगळती, जंतुसंसर्ग हे धोके आहेत. दोन्ही बाजूंना खडे असतील तर वेगवेगळे उपाय एकत्र योजावे लागतात. म्हणून शल्यचिकित्सक, दुर्बीणतज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतील, अशाच रुग्णालयात ती व्हावी. शस्त्रक्रियेनंतरही नियमित तपासणी सुटत नाही.

पित्ताशय काढल्यावरही थंडीताप आणि कावीळ परतत असेल, तर 'पित्त झाले असेल' म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्यांवर वेळ काढू नये. खडा नेमका कुठे आहे, हे डॉक्टरांना विचारावे. सोनोग्राफीत उत्तर मिळाले नाही, तर एमआरआयने पित्तनलिकांचा नकाशा काढता येतो. जिल्हा पातळीवरच ही शंका घेतली गेली आणि रुग्ण वेळेत पुढे पाठवला गेला, तर यकृत आणि जीव दोन्ही वाचू शकतात.