विश्लेषण : इम्प्लांट बसले, पण भोवतीचे हाड टिकेल का?

भिवापूरच्या रुग्णाला शासकीय दंत महाविद्यालयात दाखवायचे तर उमरेडमार्गे नागपूर गाठावे लागते. तपासणी, शस्त्रक्रिया, मग काही महिन्यांनी कॅप, अशा फेऱ्या होतात. एवढे करून बसवलेल्या स्क्रूभोवतीचे हाड खचले, तर पैसा आणि बुडालेली मजुरी दोन्ही वाया. तरीही चर्चा होते ती ‘कोणत्या कंपनीचे, किती हजारांचे’ एवढीच. इम्प्लांटची मान कशी आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. हाडाचा प्रश्न मात्र मानेपाशीच सुरू होतो.

हाड का झिजते?

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी दाखवले. त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. पण नैसर्गिक दाताभोवती तंतूंची गादी असते, ती इम्प्लांटला नसते. चावण्याचा दाब थेट हाडावर येतो आणि त्याचा मोठा वाटा हाडाच्या वरच्या कडेवर पडतो. १९८६ च्या निकषांनुसार पहिल्या वर्षानंतर दरसाल ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झीज चालवून घेतली जाते. झीज त्याहून जास्त झाली, तरी रुग्णाला बराच काळ काहीच दुखत नाही. ती दिसते एक्स-रेमध्येच.

रचनेत नेमके काय बदलले?

जुन्या इम्प्लांटची मान गुळगुळीत असे. ती हाडात खोल गेली की हाड पहिल्या आट्यापर्यंत उतरत असे. गुळगुळीत धातूला हाड नीट धरत नाही आणि त्याला भारही मिळत नाही. भार न मिळालेले हाड विरते, फार भार आला तरीही विरते. म्हणून मान खरखरीत केली गेली, काही रचनांत तिथे बारीक आटे आले. आट्यांचा आकारही महत्त्वाचा. हाड दाब चांगला सोसते, घसटणारा ताण मात्र सर्वांत कमी. त्यामुळे चौकोनी आट्यांसारख्या रचनांत दाबाचा वाटा वाढवण्याचा प्रयत्न असतो. कडेवरचा ताण कमी करायचा तर लांबीपेक्षा जाडी अधिक कामाची ठरते, असे संगणकीय प्रारूपांवरचे अभ्यास सांगतात.

दुसरी गोष्ट सांध्याची. इम्प्लांट आणि वरचा जोडभाग यांच्यामध्ये सूक्ष्म फट असते, तिथे जंतू साचतात आणि हाड त्या फटीपासून दूर सरकते. जोडभाग इम्प्लांटपेक्षा अरुंद ठेवला तर फट आत जाते आणि कडेचे हाड वाचते. याला ‘प्लॅटफॉर्म स्विचिंग’ म्हणतात. हा फायदा रुंद इम्प्लांटवर नेहमीच्या मापाचे जोडभाग वापरल्यामुळे, जवळपास योगायोगाने, लक्षात आला. शंकूसारख्या घट्ट सांध्याचा हेतूही तोच. मात्र फायदा मिलिमीटरच्या काही दशांशांचा आहे. जाहिरातीत तो बराच फुगतो.

मग महाग इम्प्लांट घेतले की झाले?

नाही. हिरडी पातळ असेल, तर उत्तम रचनेभोवतीही हाड उतरते. खरखरीत पृष्ठभागाचे दुखणे वेगळेच : हाड त्याला लवकर धरते, पण तो एकदा उघडा पडला की त्यावर कीटणही तितकेच घट्ट बसते. अनियंत्रित मधुमेह आणि धूम्रपान हे ओळखीचे धोके. विदर्भात त्यात खर्ऱ्याची भर. सुपारीने तोंड उघडणे कमी झालेल्या रुग्णाच्या मागच्या दाढेपाशी ड्रिल पोहोचत नाही, पुढे ब्रशही पोहोचत नाही. अशा वेळी मानेच्या रचनेवर वाद घालण्यात अर्थ उरत नाही.

उशीर हा आणखी एक घटक. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. मग जाड इम्प्लांटला जागाच राहत नाही. बारीक घालावे लागते किंवा आधी हाड भरावे लागते.

रुग्णाने काय विचारावे?

भोवती हाडाची किती जाडी उरणार, सांधा कोणता आणि कॅप बसवल्याच्या दिवशीचा एक्स-रे मिळणार का. पुढची झीज त्याच चित्राशी ताडून मोजतात. खोक्यावरचे स्टिकरही मागून घ्यावे. त्यावर इम्प्लांटचे नाव, व्यास आणि बॅच क्रमांक असतो. आठ वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला आणि हे स्टिकर नसेल, तर नागपुरातल्या डॉक्टरलाही त्याला बसणारा सुटा भाग शोधताना अंदाजच करावा लागतो.