रांगोळीच्या नकाशाबाहेर

बाहेरून यायचं, बायकांकडून माहिती गोळा करून न्यायची आणि अहवाल त्यांना न कळणाऱ्या भाषेत छापायचा, या संशोधनाला विरोध आपणच केला. अभ्यास लोकसहभागातून व्हावा हा आग्रहही आपलाच. मग मैत्रिणींनो, या सहभागात अपंग बाई कुठे आहे? (सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ म्हणतात. बैठकीत बायका स्वतःला अपंगच म्हणवतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.)

गंगापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही पाणीप्रश्नाचा अभ्यास करत होतो. पारासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढला. बायका ओणव्या होऊन विहिरी, हातपंप दाखवत होत्या. एक अंध बाई कडेला बसून होती. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, सहभागाच्या पद्धती शिकलेली. पण डोळ्यांनी दिसणं हीच ज्याची पहिली अट, तो नकाशा सगळ्यांचा कसा, हे मला सुचलं नाही. शेवटी तीच म्हणाली, “ताई, मला यातलं काय कळायचं?”

दुसऱ्या दिवशी सुतळी आणि चिंचोके मांडून हाताने चाचपता येईल असा नकाशा केला. तिने एका हातपंपाचा चिंचोका उचलून बाजूला ठेवला. पंप चालू होता, पण भोवतीच्या चिखलात ती दोनदा पडली होती. तिच्या लेखी तो पंप गावात नव्हताच. आमच्या अहवालात मात्र होता.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या, तेव्हाच्या भाषेत ‘मतिमंद’, मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, ते योग्यच झालं. पण त्या वादातलं डॉक्टरांचं, अधिकाऱ्यांचं, आपलं म्हणणं वाचायला मिळतं. त्या मुलींपैकी एकीचंही वाक्य माझ्या वाचनात आलेलं नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून जास्त अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. अपंगांविषयीचे निर्णय त्यांच्या सहभागाने घ्यावेत असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला. तरी आपली कार्यकर्ती घरी जाते आणि बहिऱ्या सुनेची माहिती सासूकडून लिहून घेते.

वेळ लागतो, खर्च वाढतो, ही तक्रार खरी आहे. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचे पैसे, रिक्षाचं भाडं अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावं लागतं. आणि मानधनही! पाहणी करणारीला मानधन आणि अपंग बाईला चहा, याला भागीदारी म्हणत नाहीत.

पुढच्या अभ्यासात ती अंध बाई प्रश्न ठरवणाऱ्या गटात बसली. आम्ही लिहिलं होतं, ‘अपंग म्हणून सरकारी पैसे मिळतात का?’ तिने ते खोडायला लावलं आणि सांगितलं, असं लिहा: ‘बँकेतून पैसे काढायला तुमच्याबरोबर कोण येतं, आणि घरी आल्यावर ते कुणाच्या हातात राहतात?’